फितीचं शेपूट

डेन्मार्कच्या किनाऱ्यावर थुबोरोनला वारा किती, हे बाहेरच्या माणसाला सांगून पटत नाही. माझ्या मावशीने तिथे एकदा चादर वाळत घातली होती. ती स्वीडनमध्ये जाऊन वाळली, आणि तिकडच्या कुण्या भल्या बाईने इस्त्री करून टपालाने परत पाठवली. हे मी आमच्या इंटरनेटवरच्या मंचावर लिहिलं तेव्हा ओडेन्सच्या एगॉनने विचारलं, "पाउल, चादर सुती होती की नायलॉनची?" त्यावर स्वेन-ऑगेने लिहिलं, "एगॉनला फितीतलं जेवढं कळतं तेवढंच कापडातलंही कळतं." झालं. माझी चादर राहिली बाजूला आणि त्या दोघांची आठवडाभर जुंपली.

मंचाचं नाव होतं 'फितीची कोशिंबीर'. जुन्या टेपरेकॉर्डरने फीत चावून चघळून बाहेर टाकली की त्या गुंत्याला आमच्याकडे हेच म्हणतात. सगळे सभासद म्हातारे, सगळे पुरुष, आणि सगळ्यांचंच बरोबर. फीत चांगली की तबकडी, तबकडी चांगली की संगणक, टीव्हीवरच्या बातम्या पूर्वी जास्त खऱ्या असायच्या की नुसत्या हळू वाचल्या जायच्या, काहीही चालायचं. आल्बोर्गच्या एका सभासदाने म्हणे सख्ख्या भावाला नाताळचं बदक वाढलं नाही, कारण भावाने सगळा संग्रह संगणकात भरून मूळ फिती विकून टाकल्या होत्या. वाढलं नाही, फक्त बदकाचा फोटो पाठवला. "घे, यातही सगळी माहिती आहे," म्हणाला. ही गोष्ट मीच पसरवली, त्यामुळे तिच्या खरेपणाबद्दल बोलत नाही. मंचावर मला होल्स्टेब्रोचा थापाड्या म्हणत. त्यात एक सोय असते. थापाड्याने कधी खरं सांगितलंच, तर ते कुणी खरं धरत नाही, आणि ज्यांचं ते असतं त्यांना त्रास होत नाही.

नोव्हेंबरात वेर्नर नावाचा नवा सभासद आला. आधी बोटीवर आणि मग थुबोरोनच्या बंदरावर जाळी दुरुस्त करण्यात त्याचं आयुष्य गेलेलं. नव्या माणसाने आधी जुने धागे वाचावेत आणि मग तोंड उघडावं, असा आमचा शिरस्ता होता. तो कुणी पाळत नसे. वेर्नरने पाळला. सगळं वाचून काढलं त्याने, आणि त्या वाचनातून आम्ही सगळे फार जाणते आहोत असा त्याचा समज झाला.

त्याने लिहिलं होतं:

"नमस्कार. माझ्याकडे छोट्या रिळावरची एक फीत आहे. तिच्यावर आमच्या डोर्तेचा आवाज आहे. ती तेव्हा पाच वर्षांची होती. पुढच्या हिवाळ्यात मेंदूज्वराने गेली. तिचा आवाज दुसरीकडे कुठेच नाही. फीत चिकट झाली आहे. माझी बायको बोडिल, तिचं हृदय थकलं आहे. वसंत बघेलसं डॉक्टरांना वाटत नाही. फितीच्या शेवटी डोर्ते आईसाठी काहीतरी बोलली आहे, ते काय हे बोडिलला आठवत नाही. तीस वर्षं आठवून बघते आहे. मी तेव्हा बाहेर बोटीवर होतो, मलाही सांगता येत नाही. जायच्या आधी तिला ते एकदा ऐकायचं आहे. काय करावं? तुमचं एकमत झालं की तसं करीन. तोवर हात लावणार नाही."

एकमत हा शब्द मंचावर त्याआधी कुणी वापरला असेल असं वाटत नाही.

आता ही चिकट फीत म्हणजे काय ते एकदा सांगतो. त्या काळातल्या काही फितींचा लेप हवेतलं पाणी पितो आणि गुळाच्या ढेपेसारखा पाझरतो. तशीच यंत्रावर लावली तर ती किंचाळते, आणि तपकिरी थर सोलून निघतो. आवाज असतो तो त्या थरातच. तो निघाला की हातात नुसतं प्लास्टिक उरतं. यावर उपाय दोन, आणि म्हणून पंथ दोन. एगॉन भट्टीवाल्यांचा महंत. आयुष्यभर सिनेमाघरात यंत्र चालवलेला माणूस, आवाज मोठा, मन त्याहून मोठं, पण वादात उतरला की मन घरी ठेवून येणारा. त्याचं म्हणणं, फळं सुकवायच्या यंत्रात मंद आचेवर फीत भाजा, पाणी उडतं, फीत वाजते. स्वेन-ऑगे थंडवाल्यांचा. शाळेत पदार्थविज्ञान शिकवून निवृत्त झालेला. त्याचं म्हणणं, भाजणं म्हणजे खून, फीत कोरड्या डब्यात महिनोनमहिने गार ठेवा, घाई करू नका.

"महिनोनमहिने?" एगॉनने लिहिलं. "गुरुजी, त्या बाईकडे महिने नाहीत. वाचता येतं ना?"

"करपलेली मुलगी ऐकण्यापेक्षा न ऐकलेली बरी," स्वेन-ऑगेने लिहिलं.

हे वाक्य वेर्नरने वाचलं असणार. तो रोज सकाळी येऊन सगळे प्रतिसाद वाचायचा आणि खाली लिहायचा, "आभारी आहे. बोडिल आज बरी आहे." किंवा, "आभारी आहे. बोडिलला रात्री झोप लागली नाही." त्याच्या त्या ओळीच्या वर आमची धुळवड, आणि तिच्या खाली पुन्हा आमची धुळवड. फितीचा कारखाना कुठला, डबा पुठ्ठ्याचा की पत्र्याचा, खोलीत दमटपणा किती, पाठीवरचा लेप काळा की करडा, सगळं त्याला विचारलं. त्याने सगळ्याची उत्तरं दिली. लेपाचा रंग बोडिलनेही पाहिला आणि करडा म्हणाली, हेही त्याने लिहिलं.

शेवटी स्वेन-ऑगे म्हणाला, "बडबडीपेक्षा तपासा. वेर्नर, बाहेरच्या टोकाचा हातभर तुकडा काप आणि मला पाठव. सुरुवातीला सगळेच थोडी फीत कोरी सोडतात, काही बिघडायचं नाही."

यावर मात्र खरंच एकमत झालं. भट्टीवाले, थंडवाले, मध्ये कुंपणावर बसलेले, सगळे म्हणाले, हो हो, बाहेरचं टोक कोरंच असतं. वेर्नरने कापून पाठवला. स्वेन-ऑगेने तो कसल्याशा द्रावणात बुडवला आणि जाहीर केलं की ही फीत भाजण्यातली नाही. पण आमच्याकडे दुसऱ्याच्या प्रयोगावर विश्वास ठेवणं म्हणजे हरणं. लगेच दुसऱ्याने स्वतःचा तुकडा मागितला. मग तिसऱ्याने. वेर्नर सभ्य माणूस. फुकट सल्ला देणाऱ्यांना नाही कसं म्हणायचं? कात्री घेऊन बसायचा, हातभर कापायचा, पाकिटात घालायचा, आणि सोबत वाळवलेल्या मासळीचा एक तुकडाही घालायचा. एकाने चुकून मासाच भट्टीत घालून निष्कर्ष काढला असं मी तेव्हा लिहिलं होतं. ते खोटं. बाकी जे सांगतोय त्यात भर घातलेली नाही.

एकाने तुकडा भाजला, तो सुरकुतला. एकाने बर्फाच्या कपाटात ठेवला, त्याचे पापुद्रे झाले. एकाने स्पिरिटने पुसला आणि थर बोळ्यावर आला. सगळ्यांचे निष्कर्ष एकमेकांच्या उलट, आणि ज्याच्या त्याच्या मताला धरून. सर्वांत शेवटी एगॉनने तुकडा मागवला. दोन दिवसांनी त्याने तापमानाचे आकडे टाकले, भाजलेल्या फितीचा फोटो टाकला, आणि लिहिलं, "स्वच्छ. सरळ. आरशासारखी. गुरुजी, आता काय म्हणणं आहे?"

गुरुजींचं म्हणणं पुष्कळ होतं, पण लोक एगॉनकडे वळले. फोटोपुढे कुणाचं चालत नाही. एवढ्यात जानेवारी लागला होता. वेर्नरची सकाळची ओळ तोकडी होत चालली होती. "आभारी आहे. बोडिल आज उठली नाही." मग त्याने लिहिलं की शेजारणीकडे अळंबी सुकवायचं यंत्र आहे, एगॉन सांगतात तसं करतो, फक्त ते वाजवणारं यंत्र कुणाकडे असेल तर कृपा होईल. माझ्याकडे होतं. मी चाळीस वर्षं रेडिओ आणि टीव्ही दुरुस्त केले, चांगलं यंत्र कधी टाकलं नाही. गाडीत घातलं आणि निघालो.

वेर्नरच्या घराची पुढची खोली. खिडकीजवळ खाट, खिडकीतून बंदर दिसतं, बंदरात बोटी दोऱ्यांना हिसके देतायत. बोडिल उशांना टेकून बसली होती. हात कागदासारखे, पण डोळे तरतरीत.

"म्हणजे चादरवाले ते तुम्ही," ती म्हणाली.

"मीच."

"वेर्नर मला तुमचं सगळं वाचून दाखवतो. बाकीच्यांचं वाचताना त्याचा आवाज पडतो. तुमचं वाचताना जरा चढतो."

"बाकीचे विद्वान आहेत, बोडिल," वेर्नर म्हणाला. उंच, वाकलेला, बोटं दोरखंडासारखी. "पाउलही आहे, पण तो लपवतो."

फीत भाजून गार करून ठेवलेली होती. एगॉनचं बरोबर होतं, हे मान्य केलं पाहिजे. चिकटपणा गेला होता. मी ती यंत्रावर चढवली, मोकळं टोक रिकाम्या रिळात अडकवलं, आणि चालू केलं.

आवाज आला. मुलीचाच होता, पण शब्द नव्हते. आत ओढलेले, गिळलेले, उलटे आवाज. बोडिलने माझ्याकडे पाहिलं. मी यंत्र बंद केलं.

मला समजलं होतं, तरी मी विचारलं. काही गोष्टी कळल्यावरही विचाराव्या लागतात.

"वेर्नर, ही शेवटची कधी ऐकली होती?"

"ती गेली त्या हिवाळ्यात. पुरून आलो त्या संध्याकाळी, एकट्याने. एकदाच."

"पूर्ण ऐकली?"

"टोक सुटून फडफडेपर्यंत. शब्द काही डोक्यात शिरले नाहीत, पण ती फीत संपेपर्यंत बोलत होती."

"आणि मग उलटी गुंडाळून ठेवली?"

त्याला प्रश्नच कळला नाही असं मला वाटलं. मग म्हणाला, "नाही. कोण गुंडाळणार होतं?"

भरलेल्या रिळाचं बाहेरचं टोक म्हणजे सुरुवात, हे आम्ही सगळे धरून चाललो होतो. शेकड्यांनी प्रतिसाद, लेपाचा रंग, डब्याचा पत्रा. फीत ऐकून झाल्यावर परत गुंडाळली होती का, हे एकानेही विचारलं नाही, मीही नाही. फितीच्या माणसाला तो प्रश्न सुचतच नाही. ऐकलं की गुंडाळायचं, हे त्याच्या हाताला लागलेलं वळण असतं. मूल पुरून आलेल्या माणसाचं आम्हाला काय माहीत? परत न गुंडाळलेल्या या फितीचं बाहेरचं टोक म्हणजे शेवट होता. हातभर, हातभर करून वेर्नरने शेवट कापून डेन्मार्कभर वाटला होता.

त्याच्या चेहऱ्यावर ते हळूहळू चढत गेलं. भरती चढते तसं. त्याने एकदा टेबलाच्या खणाकडे पाहिलं. कात्री तिथे असावी.

"लावा ना," बोडिल म्हणाली. "काय झालं?"

मी फीत नीट गुंडाळून घेतली आणि सुरुवातीपासून लावली.

डोर्ते रेडिओ-रेडिओ खेळत होती. घसा खाकरून, मोठ्या माणसासारखा आवाज काढून समुद्राच्या एकेका भागाचं नाव घेऊन हवामान अंदाज सांगत होती, तेव्हा रेडिओवर लागायचा अगदी तसा. स्कागेराक, वारा वायव्येकडून, जोराचा. फिशर, वारा पश्चिमेकडून, जास्तच जोराचा. बाबांची बोट, वारा पाठीमागून, बाबा रविवारी घरी. मग शेजारच्या कुत्र्याचा अंदाज. कुत्रा ढगाळ, दुपारी भुंकेल. बोडिल हसली. हसताना तिला धाप लागली. वेर्नर हसला नाही. तो फक्त रिळाकडे बघत होता, फीत किती उरली ते.

"आणि आता," डोर्ते म्हणाली, "आईसाठी."

टोक सुटलं. फडफड, फडफड.

"पुढे?" बोडिल म्हणाली.

"पुढे नाही, बोडिल," वेर्नर म्हणाला. "मी कापलं."

तिने हात पुढे केला, पण वेर्नरला तो दिसला नाही, कारण त्याने तोंड भिंतीकडे केलं होतं.

त्या संध्याकाळी त्याने मंचावर झालेलं सगळं लिहिलं. कुणाला दोष दिला नाही. शेवटी लिहिलं, "कुणाकडे तुकडा शाबूत असेल तर कळवावं. आभारी आहे."

आमचा मंच गप्प झालेला मी त्या एकदाच पाहिला. मग एकेक जण येऊ लागला. "माझा करपला, वेर्नर." "माझा द्रावणात गेला." हे स्वेन-ऑगेचं, आणि पुढे काहीच नाही, एरवी त्याला एका ओळीत थांबता येत नसे. "माझ्याकडे नुसतं प्लास्टिक आहे, हवं तर पाठवतो." एगॉन आला नाही. त्याचा तुकडा भाजून आरशासारखा झाला होता, फोटो सगळ्यांनी पाहिला होता. सगळे त्याची वाट बघत होते.

दुसऱ्या दिवशी त्याचा मला फोन आला.

"पाउल, तो तुकडा मी वाजवून बघितलेला नाही."

"मग आता बघ."

"अरे ऐक. मी तो भाजलेलाही नाही. पाकीटच उघडलं नाही. मासा तेवढा काढून खाल्ला."

"आणि फोटो?"

"दुसऱ्या फितीचा. जुना." तो जोरजोरात श्वास घेत होता. "मला माहीतच होतं ना, भाजल्यावर काय होणार ते. मग करून कशाला बघायचं? आणि बरोबरच निघालो की मी. निघालो की नाही?"

"निघालास."

"तू एक कर. तूच ने तो. तुझा म्हणून दे. तुला काय, तू थापाड्या आहेस."

"वेर्नरने मला कधी तुकडा पाठवलेलाच नाही, एगॉन. तो काय विसरेल, कुणाकुणाला कापून दिले ते?"

"स्वेन-ऑगे माझी आतडी बाहेर काढून वाळत घालेल."

"घालेल."

मागे कुठेतरी त्याचं घड्याळ टोले देत होतं. मग तो म्हणाला, "बाईंची तब्येत कशी आहे?"

"ती वाट बघतेय."

तासाभरात त्याने मंचावर लिहिलं. "माझा तुकडा जसाच्या तसा आहे. मी प्रयोग केला नव्हता. आकडे मनाचे होते, फोटो दुसऱ्या फितीचा. उद्या टपालात टाकतो." एवढंच. दहा वर्षांचे वाद, आणि त्यातला प्रत्येक वाद आता लोक उकरून काढणार, हे त्याला ठाऊक होतं. आम्ही सगळे स्वेन-ऑगेची वाट बघत बसलो. त्याचं उत्तर आलं:

"दोन पुठ्ठ्यांच्या मध्ये ठेव. घडी पडू देऊ नकोस. टपालावर भरवसा ठेवू नकोस, स्वतः नेऊन दे."

एगॉनने तो होल्स्टेब्रोपर्यंत आणून माझ्या हातात दिला. थुबोरोनला यायला तयार झाला नाही. गाडीतून खालीही उतरला नाही, काच खाली करून पाकीट दिलं आणि म्हणाला, "त्या माणसाला तोंड दाखवायची माझी छाती नाही." मी कॉफी घ्यायला बोलावलं. पोटात बरं नाही म्हणाला आणि गाडी वळवली.

मी तुकडा थुबोरोनला नेऊन अळंब्यांच्या यंत्रात सुकवला, उरलेल्या फितीच्या टोकाला जोडला. शेवटचा कापलेला तो, म्हणून उरलेल्या फितीच्या अगदी लगेच पुढचाच होता. एवढं एक नशीब. हातभर फीत म्हणजे बोलण्याचे चार-पाच सेकंद. त्यापुढचं सगळं राख आणि स्पिरिटाचे बोळे.

बोडिल आता आडवीच होती. तिने मान हलवली, लावा.

"आणि आता," डोर्ते म्हणाली, "आईसाठी."

खुर्ची सरकल्याचा आवाज. मग एका बाईचा आवाज, तरणा, घाईचा, कातावलेला. "पुरे आता, डोर्ते. बंद कर ते. बटाटे गार होतायत."

"थांब ना, अजून तुझं..."

फडफड, फडफड.

आम्ही तिघं बसून राहिलो. मी यंत्र बंद करायला उठलो नाही, ते आपलं आपण फिरत राहिलं. ज्या शब्दांची वाट बघत तिने तीस वर्षं काढली, ते मुलीच्या तोंडात होते, आणि मध्ये तिचाच आवाज आडवा आला होता.

वेर्नर म्हणाला, "मी कापलं नसतं तर." हे तो गेले कित्येक दिवस म्हणत असावा. ते शब्द आता झिजून गुळगुळीत झाले होते. "मी कापलं नसतं तर पुढचं तुला ऐकू आलं असतं. तू मागितलं एवढंच, आणि मी ते लोकांना वाटलं."

बोडिल छताकडे बघत होती. मग तिने डोळे किंचित बारीक केले. "थांब," ती म्हणाली. "मला आठवलं."

"काय?"

"ती काय म्हणाली ते. आता तिचा आवाज ऐकल्यावर आठवलं. स्वयंपाकघराचा अंदाज सांगितला होता तिने."

"स्वयंपाकघराचा?"

"कुत्र्याचा सांगितला ना, तसा. स्वयंपाकघर, उद्या ऊन. दिवसभर ऊन. असं म्हणाली. आणि मग मी हसले, आणि मग फीत संपली."

वेर्नर तिच्याकडे बघत राहिला. तीस वर्षं त्याने जाळी विणली होती, कुठला धागा सुटलाय ते त्याला लगेच दिसायचं. पण माणसाला विश्वास ठेवायचा असला की ते दिसत नाही. त्याच्या खांद्यांवरून काहीतरी उतरलं. मला ते उतरताना दिसलं.

"ऊन," तो म्हणाला. "हो. तिला ऊन आवडायचं. बोडिल, मी त्यांना कळवतो. एगॉनला कळलं पाहिजे. सगळेच वाट बघतायत."

तो मागच्या खोलीत गेला. दार उघडंच होतं. तो एका बोटाने टंकत होता, कळ शोधायची आणि दाबायची, जाळ्यातला एकेक डोळा मोजावा तसं.

बोडिलने मला खुणेने जवळ बोलावलं. मी स्टूल ओढलं.

"पाउल, तुम्ही थापाडे आहात म्हणे."

"पन्नास वर्षं तरी."

"म्हणजे तुम्हाला कळलं असणार."

"कळलं."

"नीट जमली का?"

मी विचार केला. कारागिराने कारागिराला विचारलं तर खरं सांगावं. "आठवलं म्हणायच्या आधी तुम्ही वर बघितलं. तेवढं दिसतं. बाकी माझ्यापेक्षा बरी."

"त्याला दिसलं का?"

"नाही."

तिने डोळे मिटले. मला वाटलं झोपली. मग म्हणाली, "मला काहीच आठवत नाही. कधी आठवणारही नाही. पण तो कात्री घेऊन त्या टेबलाशी बसायचा ना, तेव्हा मीच त्याला म्हणायचे, दे रे, माणसं मदत करतायत, नाही म्हणू नकोस." तिने श्वास गोळा केला. "केवढं कडू बोलत होते मी तेव्हा. बटाटे काय, पुन्हा गरम करता येतात."

"सगळ्या आया तशाच बोलतात."

"हो. पण सगळ्यांचं तेवढंच उरत नाही."

मी यंत्राची वायर आवरायला लागलो.

"पुन्हा लावा," ती म्हणाली. "हळू आवाजात. त्याला नको."

मी फीत थोडी मागे घेतली आणि आवाज उतरवला. मागच्या खोलीत कळा वाजत होत्या. "आणि आता, आईसाठी," डोर्ते म्हणाली. खुर्ची सरकली. "पुरे आता, डोर्ते. बंद कर ते," ती तरणी बाई म्हणाली, आणि खाटेवरची म्हातारी तिच्या बोलण्यावरच, पण अगदी कुजबुजत, म्हणाली, "बोल गं तू. बोल. मी आहे इथे."

"थांब ना, अजून तुझं..."

मी फडफड होण्याआधी बंद केलं.

टंकणं थांबलं होतं. "बोडिल," वेर्नरने आतून हाक मारली. त्याच्या आवाजात कितीतरी दिवसांनी थोडी घाई होती. "ऊन लिहिलंय. आणि वाऱ्याचं काय म्हणाली होती ती? वारा सांगितल्याशिवाय अंदाज संपत नाही."

बोडिलने माझ्याकडे पाहिलं. या वेळी तिने वर बघितलं नाही.

"वारा नाही म्हणाली," ती मोठ्याने म्हणाली, होता नव्हता तेवढा श्वास लावून. "अजिबात नाही."